इश्यू नंबर २१४ : काम चालू आहे

२ जून २०२५, सोमवार. सकाळी ६.१०

उठलो. ठरवलं होतं साडेपाचला. पण अलार्म वाजताक्षणी ताडकन उठणारी माणसं मला मुळातच घाबरट वाटतात.

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतोय, नोंद हवी. वाचणारा मी एकटाच. वही कपाटात, कुलूप लावून. मनीषाला सांगितलंय की यात पासवर्ड आहेत.

काम असं. टिटवी ही आमची प्रोग्रॅमिंगची भाषा. जगभरातले शे-दीडशे लोक हौसेनं, फुकटात ती बनवतात. त्यातला नेटवर्कचा भाग माझा, म्हणजे त्याचा मेंटेनर मी. टिटवीच्या फाइलीत ओळच आहे : ‘नेटवर्क – मकरंद उमरीकर’. ऑफिसात एकवीस वर्षं घासली, तिथल्या गाढवांनी अजून मॅनेजर केलं नाही. पण ही ओळ आहे. सुलतान बाजारातून कार्डं छापून घेतलीत, दोनशे. अजून एकशे ब्याण्णव आहेत.

टिटवीतला प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनशी जोडायला गेला आणि तिकडून काहीच उत्तर आलं नाही, तर तो नुसता बसून राहतो. दोन मिनिटं सात सेकंद. मग ऑपरेटिंग सिस्टिमच कंटाळते. लोकांचं म्हणणं, किती सेकंद थांबायचं ते आम्हाला ठरवू द्या. म्हणजे टाइमआउट. हाच तो इश्यू, म्हणजे टिटवीच्या साइटवर नोंदवलेली मागणी, नंबर २१४. तीन वर्षांपूर्वी आला. पहिल्याच दिवशी मी त्याखाली लिहिलं होतं, मी बघतो.

काल वरुणचा मेल. वरुण म्हणजे रिलीजचा, टिटवीच्या नव्या आवृत्त्यांचा, प्रमुख. वय एकतीस, दाढी. म्हणतो, ३१ जुलैला संध्याकाळी सहापर्यंत २१४ झालं नाही तर फाइलीतली ती ओळ बदलावी लागेल. मला धमकी! दोन दिवसांचं काम आहे. बुधवारी संपवून त्याच्या तोंडावर फेकतो.

४ जून, बुधवार

पायाच कच्चा असेल तर इमारत काय कामाची? म्हणून आधी डिझाइनचं टिपण लिहिलं. अकरा पानं. त्यातली चार पानं ‘थांबणे म्हणजे काय’ यावर. कोड उद्या.

टिपणावर एकच प्रतिक्रिया. शिल्पा नावाच्या बाई आहेत, दिलसुखनगरला कोचिंग क्लासात प्रोग्रॅमिंग शिकवतात. त्यांनी विचारलं की सर, एका मशीनच्या नावाचे चार पत्ते निघाले तर दहा सेकंद हे प्रत्येक पत्त्याला की सगळे मिळून. नाहीतर माणूस दहा सांगेल आणि चाळीस थांबेल.

क्लासवाल्यांची ही खोड. वर्गात कोणी विचारत नाही ते प्रश्न इथे येऊन विचारायचे. उत्तर दिलं की हा मुद्दा या कामाच्या कक्षेत येत नाही. (मुद्दा बरोबर आहे. पण तो मला सुचायला हवा होता, त्यांना नाही.)

९ जून, सोमवार

खुर्ची बदलली. जुन्या खुर्चीत बसून कोणी जगाचं नेटवर्क सुधारलंय का? नवीन खुर्ची पाठीला छान आहे. इतकी छान की जेवणानंतर दीड तास झोप लागली. मनीषा म्हणाली की अहो, त्या बाईंनी सुचवलं तेवढं तरी करून टाका, बघा सुटेल. मी सांगितलं, भाजीत मीठ घालण्याइतकं सोपं नसतं ते. रात्रीच्या भाजीत मीठ नव्हतं.

१५ जून, रविवार

सासरे आले. हिम्मतराव. आयुष्यभर शेती आणि मग बरकतपुऱ्यात खताचं दुकान. उस्मानिया बिस्किटं चहात बुडवत विचारलं की जावईबापू, एवढं काय करताय दिवसभर त्या डब्यासमोर.

सोप्या भाषेत समजावलं. समजा तुम्ही फोन लावला. रिंग जातेय. कोणी उचलत नाही.

म्हणाले, मग कट करायचा.

म्हटलं, कधी कट करायचा हाच तर प्रश्न आहे.

म्हणाले, आठ-दहा रिंगा झाल्या की करायचा. यात तीन वर्षं कसली लागली?

या वयात माणसाशी वाद घालू नये. पण बाप रे, काय ती अडाणी ठामपणाची ताकद! त्यांना शेवटची दोन बिस्किटं मुद्दाम दिली नाहीत.

२३ जून, सोमवार. दुपारी, ऑफिसातून

एक गौतम नावाचा माणूस २१४ वर आलाय. काचीगुड्याकडच्या एका रक्तपेढीत कॉम्प्युटर सांभाळतो. त्यांचा प्रोग्रॅम टिटवीत. बाटली हवी असली की तो शहरातल्या सहा पेढ्यांना एकामागून एक विचारतो. एखाद्या पेढीचं मशीन बंद असलं की दोन मिनिटं सात सेकंद गप्प. तेवढा वेळ पेशंटचे नातेवाईक काउंटरवर उभे. लिहितो की सर, जादा काही नको, दहा सेकंदांत ‘नाही’ म्हटलं तरी बस्स, आम्ही पुढच्या पेढीला विचारू.

या देशात कोणाला दोन मिनिटं दम म्हणून निघत नाही! सिग्नलला हॉर्न, लिफ्टमध्ये बटण दहादा, आणि आता रक्त. उत्तर लिहिलं : काम चालू आहे, लवकरच होईल, कृपया संयम ठेवावा. त्यावर त्याने हात जोडलेलं चित्र टाकलं. संस्कार आहेत माणसात.

३० जून, सोमवार

आज कोड लिहायला घेतला. खरंच घेतला.

युक्ती सांगून ठेवतो, वयाने विसरायला होतं. सॉकेटला, म्हणजे जोडणीच्या आपल्याकडच्या टोकाला, आधी सांगायचं की अडून बसू नकोस, लगेच परत ये. मग जोडणी सुरू करायची. मग हवे तेवढे सेकंद वाट बघायची आणि शेवटी विचारायचं, जुळलं का? बस्स. पंधरा-वीस ओळी. मी पहिल्यापासून म्हणतोय, यात काही नाही.

तीन ओळी झाल्या. मग लक्षात आलं की व्हेरिएबलला ‘मुदत’ म्हणावं की ‘कालमर्यादा’ हे ठरलेलं नाही. ठरवल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे अराजक.

८ जुलै, मंगळवार. सकाळी ९ ठोक्याला

आज एकोणसाठावा दिवस. टिटवीत एक बॉट आहे. कुठल्याही इश्यूवर साठ दिवस कोणी काही लिहिलं नाही तर तो समजतो की यात कोणाला रस नाही, आणि इश्यू बंद करून टाकतो. यंत्र ते, त्याला निष्ठा काय कळणार? म्हणून मी दर एकोणसाठाव्या दिवशी लिहितो : ‘काम चालू आहे. लवकरच.’ मोबाइलमध्ये आठवण लावलीय. मध्ये गौतमला उत्तर दिलं होतं, पण शिस्त म्हणजे शिस्त. तीन वर्षांत एकदाही चुकलो नाही. मनीषाच्या वाढदिवसाला दोनदा चुकलो, पण तिथे बॉट नाही.

ही शिस्त नव्या पोरांत दाखवा मला.

१४ जुलै, सोमवार

वरुणचा फोन. म्हणाला की मकरंद भाई, टेन्शन नको, लाइट लो, शिल्पा करायला तयार आहे, पण तुमचं नाव त्यावर आहे म्हणून ती हात लावत नाही. तुम्ही फक्त ‘कर’ म्हणा.

टिटवीत तसा रिवाजच आहे. एकाने ‘मी करतोय’ म्हटलं की दुसऱ्याने त्या कामाला हात लावायचा नाही. सभ्य लोकांत असंच असतं. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. माझ्या ताटातला घास आहे तो. (अजून वाढून घेतलेला नाही, पण ताट माझं आहे.)

वर असंही सांगून टाकलं की २७ तारखेला काचीगुड्यात टिटवीवाल्यांची सभा आहे, तिथे मी स्वतः डेमो देणार. वरुणने ‘बघू’ म्हणून फोन ठेवला. बोलती बंद. सासऱ्यांना, मनीषाला आणि ऑफिसातल्या प्रमोदला आमंत्रण. प्रमोद यंदा मॅनेजर झाला. बघू दे त्यालाही.

१९ जुलै, शनिवार. दुपारी ३.४०

झालं! झालं! झालं!

सकाळपासून वातावरणच असं होतं. गल्लीत केबलवाल्यांनी रस्ता खणलाय, त्यामुळे आठ वाजल्यापासून घरात नेट नाही. ना मेल, ना मेसेज, ना बातम्या. सलग पाच तास बसलो. कोड पूर्ण केला. दोनशे बारा ओळी, त्यातल्या एकशे साठ टिपा. पुढच्या पिढ्यांना समजायला नको?

मग चाचणी. जिथून कधीच उत्तर येत नाही असा एक पत्ता घेतला. मुदत दिली पाच सेकंद. आणि प्रोग्रॅम म्हणाला, ‘मुदत संपली’. किती वेळात? दोन मिलिसेकंदांत! पाच सेकंद दिले होते, पण माझा कोड इतका चलाख की त्याला जाणवलंच, इथे थांबण्यात अर्थ नाही. वीस वेळा चालवून बघितलं. वीसही वेळा दोन मिलिसेकंद.

जगातल्या कुठल्या भाषेत असा टाइमआउट आहे दाखवा. मनीषाला बोलावून दाखवला. तिने विचारलं, नेट नसताना कसा काय चालला. म्हटलं, तेच तर!

२० जुलै, रविवार

संध्याकाळी नेट आलं. पॅच, म्हणजे बदललेला कोड, पाठवला. बाहेर बोनालूच्या जत्रेचे ढोल वाजत होते, पॅच असा वाजतगाजतच पाठवायला हवा.

तासाभरात शिल्पाबाईंची टिपणी. सर, जोडणी कुठल्याही कारणाने फसली तरी तुमचा कोड ‘मुदत संपली’ म्हणतो, कारण वेगळं करायला हवं. आणि सर, चाचणी नेट चालू असताना केली होती ना?

कसला हा संशय! लोक चंद्रावर जातात तेव्हा या विचारत असतील की झाकण लावलं होतं ना. लिहिलं : सखोल चाचणी झालेली आहे, वीस वेळा. त्यांनी फक्त ‘ओके सर’ लिहिलं. समजलं असेल, कोणाशी बोलतोय ते. आता पुन्हा चाचणीची गरज नाही. थेट डेमो.

२७ जुलै, रविवार. सभेहून परतल्यावर

शांतपणे लिहितो.

चाळीस लोक होते. हॉलमध्ये नेट उत्तम. हिम्मतराव पहिल्या रांगेत, मनीषाने नारायणपेठ नेसलेली, प्रमोद शेवटच्या खुर्चीत मिरचीची बजी खात. गौतमही आला होता. बारकासा माणूस, शर्टाच्या खिशात चार पेनं. मला वाकून नमस्कार केला. म्हणाला की सर, एवढी वाट बघितली, आज बघून जातो.

मी सांगितलं, पाच सेकंदांची मुदत देतोय, पण डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येईल. बटण दाबलं.

पडद्यावर काही नाही.

पाच सेकंद. दहा. मी थोडं बोललो. सॉकेटचा इतिहास सांगितला. तीस सेकंद. पंखा फिरत होता. प्रमोदने बजी चावायचं थांबवलं. मी ‘थांबणे म्हणजे काय’ या चार पानांतलं पहिलं पान म्हणून दाखवलं. एक मिनिट. वरुण जमिनीकडे बघत होता. दीड मिनिट. कोणीतरी खोकलं. हिम्मतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं मनीषाला म्हणाले की अगं, कोणी उचलत नाहीये वाटतं.

दोन मिनिटं सात सेकंदांनी पडद्यावर आलं : ‘मुदत संपली’.

मी म्हटलं, बघा, आलं की नाही! कोणीही टाळी वाजवली नाही. मोठी कामं बघून लोक असेच सुन्न होतात.

गौतम जाताना भेटला नाही. त्याची ड्युटी होती म्हणे.

२८ जुलै, सोमवार

शिल्पाबाईंचा मेल. फक्त मला, बाकी कोणाला प्रत नाही. लिहिलंय की सर, ४७ आणि ४८ या ओळी उलट झाल्यात. आपण आधी जोडायला लावतो आणि नंतर सांगतो की अडून बसू नको, तोवर ते अडून बसलेलं असतं. पॅचवरची तारीख १९ आहे, त्या दिवशी तुमच्याकडे नेट नसणार, म्हणून जोडणी लगेच फसली आणि कोडने तिलाच मुदत संपली म्हटलं. दोन ओळींची अदलाबदल केली आणि फसण्याची कारणं वेगळी केली की झालं. तुम्ही कराल का सर, मी थांबते.

बघितलं. उलट आहेत.

ठीक आहे! हे मला आज ना उद्या दिसलंच असतं. आणि चौघांत सांगितलं नाही म्हणून काय आरती ओवाळू? केबलवाल्यांनी रस्ता खणला नसता तर हा प्रसंगच आला नसता. या शहरात काम करणाऱ्या माणसाला काम करू देत नाहीत. महापालिकेला पत्र लिहिणार.

दोन ओळींची अदलाबदल. दोन मिनिटांचं काम. उद्या.

३० जुलै, बुधवार

काल महापालिकेचं पत्र लिहिण्यात गेला. आज बसलो होतो. मग वाटलं, नुसती अदलाबदल केली तर दिसायला फार क्षुल्लक दिसेल. दोनशे बारा ओळींच्या माणसाने दोन ओळी हलवायच्या? त्यापेक्षा सगळंच नव्याने लिहावं. जुनं पुसलं. नवीन फाइल उघडली. टिपा लिहून झाल्या. कोड तेवढा राहिला.

३१ जुलै, गुरुवार. संध्याकाळी ६.२०

ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतली. तीनला बसलो. पण डोक्यात तो वरुण. मुदत लावणारा हा कोण? फुकट काम करणाऱ्या माणसाला तारीख देतात? याबद्दल सगळ्यांना एक पत्र लिहावं म्हटलं. ‘घाईची संस्कृती आणि आपण.’ रंगत गेलं. जुने दिवस, जुनी माणसं, मी सुरुवातीला नेटवर्कचा भाग एकट्याने उभा केला तेव्हाच्या त्या सुट्ट्या. लिहिताना एकदा डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. तेव्हा मी खरंच काम करायचो. रविवारी मनीषा जेवायला हाक मारून मारून दमायची.

पत्र पाठवलं तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती.

कोड पाठवायचा राहिला. चार मिनिटांनी काय होतंय?

१ ऑगस्ट, शुक्रवार

चार मिनिटांनी झालं.

सकाळी सातलाच शिल्पाबाईंचा पॅच आत गेला. अडतीस ओळी. एका नावाचे कितीही पत्ते असोत, मुदत सगळ्यांना मिळून एकच. इश्यू नंबर २१४ बंद. फाइलीत आता त्यांचं नाव आहे. माझी ओळ खोडताना वरुणने बदलाचं कारण लिहिलंय : ‘मकरंद भाईंचे आभार.’ माझ्या पत्राला तीन लोकांनी अंगठा दिलाय, त्यातला एक मी.

ठीक. उपकारच झाले. आता मोकळा. व्यायाम, वाचन, तेलुगू नीट शिकणे. आणि अडतीस ओळी म्हणजे काही विशेष नाही, टिपा नाहीत म्हणून कमी दिसतात. मनीषाने सांजा केला होता.

४ ऑगस्ट, सोमवार

गौतमचा मेल. मला वाटलं सहानुभूतीचा असेल, म्हणून चहा घेऊन निवांत उघडला.

शनिवारी नवीन टिटवी लावली म्हणतो. रविवारी सकाळी एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह हवं होतं. तिसऱ्या पेढीचं मशीन बंद होतं, दहा सेकंदांत ‘नाही’ आलं. चौथ्या पेढीत बाटली मिळाली. ते सांगायला लिहितोय.

पुढे लिहितो की सर, एक विचारायचं होतं, राग मानू नका. २१४ आला तेव्हा मी महिन्याभरातच घरी एक पॅच केला होता. बारा ओळी. पाठवणार होतो. पण तुम्ही लिहिलं होतं की मी बघतो. मग दर दोन महिन्यांनी तुमचं यायचं, काम चालू आहे. मला वाटलं, एवढे मोठे मेंटेनर स्वतः करतायत, आपण मध्ये लुडबुड करणं बरं दिसत नाही. आपलंच टिटवीत जोडून चालवावं तर दर नव्या टिटवीला ते पुन्हा जोडायला लागणार, आणि तुमचं तर लवकरच येणार होतं. म्हणून थांबलो. आता गरज नाही, पण शिकायचं म्हणून पाठवतोय. बरोबर होतं का, एवढं सांगाल?

सोबत फाइल. तारीख ९ जुलै २०२२.

पहिल्यांदा वाटलं, काहीतरी चूक असणारच. हा बिचारा पेढीतला माणूस, खिशात चार पेनं. तीनदा वाचलं. दुपारी पुन्हा वाचलं. चालवूनही बघितलं, या वेळी नेट चालू ठेवून, घड्याळ लावून. पाच सेकंद दिले. पाच सेकंदांनी परत आलं.

इश्यूवर जाऊन मोजलं. ‘काम चालू आहे’ अठरा वेळा. कोणी काही करत नव्हतं असं नाही. मी करतोय म्हणून सगळे थांबले होते. त्या तीन वर्षांत काउंटरवर किती माणसं उभी राहिली असतील ते गौतमने लिहिलेलं नाही. त्याने काहीच लिहिलेलं नाही, नुसतं विचारलंय की बरोबर होतं का.

मला लाज वाटली. इथे लिहितोय, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

मनीषाने विचारलं, कोणाचा मेल. मी सांगितलं, एका माणसाचा. ती आत गेली.

गौतमला उत्तर लिहिलं : ‘बरोबर होतं.’ तेवढंच पाठवलं.